बँकेतला कारकून ऑपेराच्या रंगमंचावर

या खेपेला एकाच पत्रातले प्रश्न घेतले आहेत. पत्र सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकाचं. ते सहकारी बँकेत कॅश काउंटरवर बसतात. शाळेत असताना गाणं शिकत होते, पुढे नोकरी लागली आणि तानपुरा माळ्यावर गेला. पत्र मोठं आहे, म्हणून त्यातले प्रश्न सुटे करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : निकोलाय गेडा हा स्वीडनचा जगप्रसिद्ध ऑपेरा गायक आधी बँकेत कारकून होता आणि एका ग्राहकाशी बोलता बोलता त्याचं नशीब पालटलं, असं वाचलं. हे खरं, की नंतर कुणी रचलेली गोष्ट?

उत्तर : खरं आहे, ग्राहकासकट. १९४० च्या दशकाच्या अखेरीला गेडा स्टॉकहोममधल्या एका बँकेत काउंटरवर काम करत होता. गाणं शिकवणारं चांगलं माणूस माहितीत आहे का, असं त्याने एका ग्राहकाला विचारलं. ग्राहकाने नाव सांगितलं कार्ल मार्टिन ओहमान. हे साधंसुधं नाव नव्हे. ओहमान हे १९२० च्या दशकात वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या ऑपेरांतल्या भूमिका गाजवलेले गायक, आणि युसी ब्यॉर्लिंग या स्वीडनच्या थोर गायकाला हेरण्याचं श्रेयही त्यांना दिलं जातं. गेडाचा आवाज ऐकून ते खूश झाले. पण गेडाच्या पगारावर घर चालत होतं, आईवडील त्याच्यावर अवलंबून होते. ओहमान यांनी सुरुवातीला फी घेतलीच नाही. काही महिन्यांनी शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा कुठे तो फी देऊ लागला.

८ एप्रिल १९५२ रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी, स्टॉकहोमच्या रॉयल ऑपेरात त्याचं पदार्पण झालं. ऑपेरा होता आदोल्फ आदां या फ्रेंच संगीतकाराचा ‘ल पोस्तियों द लोंजुमो’, १८३६ चा. त्याचं कथानक ऐका. शापलू नावाचा एक टपालगाडीवान असतो. लग्नाच्या दिवशीच राजाच्या ऑपेराचा व्यवस्थापक त्याचं गाणं ऐकतो आणि त्याला पॅरिसला घेऊन जातो. गाडी सुटते, घोडे सुटतात, नवी नवरीही मागे राहते. धंदा सोडून ऑपेरा गायक झालेल्या माणसाची ही भूमिका पदार्पणात मिळाली ती बँक सोडून आलेल्या माणसाला. योगायोग म्हणायचा. मात्र ती भूमिका पेलणं योगायोगाने होत नाही. शापलूच्या प्रसिद्ध गाण्यात पुरुषी आवाजाला तार सप्तकातल्या ‘डी’ या सुरापर्यंत जावं लागतं. हा सूर दर सेकंदाला सुमारे ५८७ कंपनांचा. बहुतेक नामवंत टेनरही त्याच्या वाटेला जात नाहीत. (टेनर म्हणजे पुरुषांचा उंच पट्टीचा आवाज.) गेडाने तो सहज लावला आणि शहरभर बोलबाला झाला.

प्रश्न : मग एका रात्रीत नशीब उघडलं म्हणायचं?

उत्तर : दार एका रात्रीत उघडलं, हे कबूल. त्याच सुमाराला वॉल्टर लेग हा इंग्लंडचा ध्वनिमुद्रिका निर्माता मुसोर्गस्कीच्या ‘बोरिस गोदुनोव’ या रशियन ऑपेराच्या मुद्रणासाठी आवाज शोधत होता. स्टॉकहोममध्ये त्याने तरुण गायकांची चाचणी घेतली. गेडाने सकाळी ‘कार्मेन’मधलं फुलाचं गाणं गायलं. त्याच्या शेवटाकडे सूर एकेक पायरी चढत जातो. बहुतेक गायक तिथे वरचा सूर जोरात ठोकून टाळ्या घेतात. संगीतकार बिझे याने मात्र तो सूर हळुवार घ्यायला सांगितला आहे. लेगने जरा संकोचतच विचारलं, लिहिलंय तसं जमेल का? गेडाने कपाळाला आठी न घालता गाऊन दाखवलं. लेगने आपल्या भावी बायकोला निरोप धाडला की मोठा गायक हाती लागतोय. ती म्हणजे प्रख्यात सोप्रानो एलिझाबेथ श्वार्झकॉफ. (सोप्रानो म्हणजे स्त्रियांचा उंच पट्टीचा आवाज.) १९५२ मध्येच ‘बोरिस’चं मुद्रण झालं, आणि बोरिस क्रिस्तॉफ या दिग्गजासमोर तोतया दिमित्रीची भूमिका गेडाने गायली. १९५३ ला मिलानचं ला स्काला, १९५४ ला पॅरिस आणि लंडन, १ नोव्हेंबर १९५७ ला न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन. त्या एका मेट्रोपॉलिटनमध्ये त्याने पुढे ३६७ प्रयोग केले.

पण दार उघडल्यावर आत जाण्याची तयारी कुठून आली, ते पाहिलं पाहिजे. रशियन ऑपेराच्या मुद्रणाला स्टॉकहोमचा बँक कारकून का चालला? कारण रशियन ही त्याची घरची भाषा होती. गेडाचा जन्म ११ जुलै १९२५ चा. जन्मदाते त्याला वाढवू शकत नव्हते, म्हणून आत्या ओल्गा आणि तिच्या नवऱ्याने त्याला वाढवलं (वर आईवडील म्हटलं ते हेच). तिचा नवरा मिखाईल उस्तिनोव हा रशियन, खर्जाच्या आवाजाचा, कोसॅक गायकवृंदात गायलेला. १९२९ च्या सुमाराला हे कुटुंब जर्मनीतल्या लाइपझिगला गेलं. तिथल्या रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये मिखाईल गायनप्रमुख होता. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये वाद्यं नसतात, सगळी उपासना गळ्यावर चालते. पाच-सहा वर्षांचा निकोलाय त्या गायकवृंदात उभा राहायचा. नोटेशन वाचणं, दुसऱ्याच्या स्वरात आपला स्वर मिसळणं, चुकलं की मिखाईलचा डोळा, हे सगळं तिथलं. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३४ मध्ये मंडळी स्टॉकहोमला परतली. तोवर पोराला स्वीडिश, रशियन आणि जर्मन येत होतं. फ्रेंच, इटालियन, इंग्रजी नंतर जमली.

थोडक्यात, उशिरा सुरू झाला तो त्याचा पेशा. संगीत पाचव्या वर्षापासून चालूच होतं. बँक ही मधली काही वर्षं. चरित्राचं एका वाक्यात सार सांगताना चर्च गळतं आणि बँक उरते, कारण बँक ऐकायला गमतीची वाटते.

प्रश्न : तरीही तेविसावं-चोविसावं वर्ष म्हणजे उशीरच ना? आपल्याकडे गळा लहानपणापासून तयार करावा लागतो म्हणतात.

उत्तर : व्हायोलिन वाजवणाऱ्याने चोविसाव्या वर्षी पहिला गज हातात घेतला तर तो मोठ्या वाद्यवृंदात बसण्याची आशा नसते. गळ्याचं वेगळं आहे. वयात येताना मुलाचा आवाज फुटतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. त्यानंतरही त्यांच्या आतले थर पक्के व्हायला काही वर्षं लागतात. ऑपेराला लागणारा मोठा, दमदार आवाज विशीच्या उत्तरार्धात आकार घेतो. वाग्नरच्या भूमिका पेलणारे आवाज तर तिशी उलटल्यावर पिकतात. त्यामुळे ऑपेराचे जाणते गुरू अठरा-वीस वर्षांच्या पोराला जड भूमिका देत नाहीत. प्लासिदो डोमिंगोने १९९३ साली सुरू केलेल्या ‘ऑपेरालिया’ स्पर्धेत १८ ते ३२ वयाच्या गायकांना प्रवेश असतो. यावरून ‘तरुण गायक’ कुणाला म्हणतात याचा अंदाज येईल.

म्हणून चोविसाव्या वर्षी गळ्याला ऑपेराची शिस्त लावायला घेणं उशिराचं नाही. ताल, सूर, वाचन, भाषा आणि कान मात्र चोविसाव्या वर्षी शून्यातून उभं करायचं म्हटलं तर अवघड. तुम्ही शाळेत गाणं शिकलात म्हणता, तेव्हा तुमचं खातं अगदीच कोरं नाही.

आणखी एक फरक लक्षात घ्या. आपल्याकडे गायक स्वतःची पट्टी ठरवतो. कुणी काळी एकमध्ये गातो, कुणी काळी चारमध्ये, गळ्याला सोसेल तिथे षड्ज. ऑपेरात पट्टी संगीतकाराने शे-दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे आणि शंभर वादक त्याच पट्टीत वाजवणार आहेत. गायकाला तिथे जाऊन पोचावंच लागतं. म्हणून तिथे आधी आवाजाची जात ठरते (सोप्रानो, मेझो, टेनर, बॅरिटोन, बास) आणि मग त्या जातीच्या भूमिका मिळतात. ही जात चुकीची ठरली तर चांगला गळा पाच वर्षांत बसतो. ओहमान यांच्यासारखा जाणता गुरू लागतो तो इथे.

प्रश्न : ऑपेरात माइक नसतो असं ऐकलं. एवढ्या वाद्यांवरून एक माणूस ऐकू येतो कसा?

उत्तर : जोर लावून नव्हे. जोर लावणारे लवकर संपतात. याचं शास्त्रीय उत्तर योगायोगाने स्टॉकहोममध्येच सापडलं. तिथल्या तंत्रविज्ञान विद्यापीठातल्या योहान सुंदबेरी या संशोधकाने १९७० च्या दशकात पाश्चात्त्य गायकांच्या आवाजाचं विश्लेषण केलं. वाद्यवृंदाचा जोर सुमारे ५०० हर्ट्झच्या आसपास सर्वांत जास्त असतो आणि त्याहून उंच कंपनांकडे उतरत जातो. ऑपेरा शिकलेल्या पुरुष गायकांच्या आवाजात मात्र ३००० हर्ट्झच्या आसपास शक्तीचा एक खास उंचवटा दिसतो. म्हणजे वाद्यवृंद जिथे थकतो तिथे गायकाचा आवाज चमकतो. माणसाचा कानही नेमका त्याच भागात तीक्ष्ण असतो. स्वरयंत्र खाली ठेवून, त्याच्या वरची पोकळी विशिष्ट आकारात राखून हे साधतं. यात जास्तीचा श्वास किंवा ताकद खर्च होत नाही, पण सवय अंगात मुरायला वर्षं जातात.

आपल्याकडेही माइक येण्याआधी संगीत नाटकातले गायक शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचे. ते उंच पट्टीत गात, शब्द फेकत. मार्ग वेगळा होता, अडचण तीच.

प्रश्न : बँकेत पगार, पीएफ, पेन्शन असतं. ऑपेरात पोट भरतं का?

उत्तर : दोन प्रकार आहेत. जर्मनीसारख्या देशात सरकारी अनुदानावर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरागृहं आहेत. ती गायकांना करारावर महिन्याच्या पगाराने ठेवतात. पडेल ती भूमिका करायची, आठवड्यात तीन वेगळ्या ऑपेरांत उभं राहायचं. नाव फारसं होत नाही, पण घर चालतं आणि अनुभव भरपूर मिळतो. दुसरा प्रकार स्वतंत्र गायकांचा. त्यांना मानधन मिळतं ते प्रयोगागणिक. घसा बसला, प्रयोग रद्द केला, की पैसे नाहीत. नव्या निर्मितीच्या तालमी पाच-सहा आठवडे चालतात आणि त्यांचे पैसे पुष्कळदा वेगळे मिळत नाहीत. शिवाय एजंटचा वाटा, परगावी राहण्याचा खर्च, आणि नामवंत झाल्यावरही चालू ठेवावी लागणारी गुरूची फी. नोकरी सोडून ऑपेरात येणारा माणूस एका अर्थी नोकरदाराचा दुकानदार होतो.

गेडाला काळही अनुकूल होता. १९४८ मध्ये लाँग प्लेइंग तबकडी बाजारात आली. आधीच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावायची, आता वीस-पंचवीस मिनिटं मावू लागली. अख्खे ऑपेरा मुद्रित करण्याची कंपन्यांमध्ये चढाओढ लागली. फ्रेंच, रशियन, जर्मन, इटालियन अशा चारही भाषांत अस्सल उच्चारांनी गाणारा टेनर त्यांना हवाच होता. गेडाची मुद्रणं दोनशेच्या घरात गेली. १९४० मध्ये तो पंचवीस वर्षांचा असता, तर हाच गळा आणि याच भाषा असूनही गोष्ट इतकी मोठी झाली असती असं वाटत नाही.

प्रश्न : असा गायक किती वर्षं टिकतो?

उत्तर : गेडा फार टिकला, आणि त्याचं श्रेय नकार देण्याला आहे. १९६६ मध्ये स्टॉकहोमला त्याने वाग्नरच्या ‘लोहेनग्रिन’ची भूमिका केली. वाग्नरच्या नावाने भरणाऱ्या बायरॉइटच्या महोत्सवात तीच भूमिका करण्याचं बोलावणं आलं. जर्मन ऑपेराच्या जगात याहून मोठा मान नाही. गेडाने माघार घेतली. जड भूमिकेने आपला गळा खर्ची पडतो आहे हे त्याने ओळखलं होतं, आणि पुन्हा कधी वाग्नरच्या भूमिकेत तो रंगमंचावर उभा राहिला नाही. बँकेतल्या माणसाला सांगायला नको, मुद्दल खाऊन ऐश करणाऱ्याचं काय होतं ते. गेडा मोझार्ट, फ्रेंच ऑपेरा, चायकोव्स्की आणि ऑपेरेटा यांच्यावर जगला. १९८९ मध्ये संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइनने आपल्या ‘कँडीड’चं मुद्रण केलं, त्यातही गेडा चौसष्टाव्या वर्षी गायला. सत्तरी उलटल्यावर छोट्या भूमिकांत त्याचा आवाज मुद्रित झाला. ८ जानेवारी २०१७ रोजी स्वित्झर्लंडमध्ये, ९१ व्या वर्षी, तो वारला.

प्रश्न : नोकरीधंद्यातून ऑपेरात गेलेलं आणखी कुणी आहे का? टीव्हीवरून एकदम प्रसिद्ध झालेला मोबाइल विक्रेता आठवतो.

उत्तर : तो पॉल पॉट्स. २००७ मध्ये ब्रिटनच्या टीव्ही स्पर्धेत तो जिंकला आणि जगभर गाजला. पण तो हौशी मंडळांतून ऑपेरा गातच होता, आणि जिंकल्यावर त्याचा मार्ग ध्वनिमुद्रिका आणि मैफलींचा झाला. पूर्ण लांबीचा ऑपेरा वाद्यवृंदासह, माइकशिवाय वर्षानुवर्षे करणं हा वेगळा व्यवसाय आहे.

लुचियानो पावारोत्ती काही काळ विमा विकत होता, त्याआधी शाळेत शिकवत होता. पण त्याचे वडील बेकरीत काम करणारे, हौशी टेनर, आणि बापलेक मोदेना गावच्या गायकवृंदात एकत्र गात. आरिगो पोला या गुरूने त्याला फी न घेता शिकवलं. १९६१ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, ‘ला बोएम’मधून तो रंगमंचावर आला. इंग्लंडची कॅथलीन फेरियर चौदाव्या वर्षी शाळा सोडून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली. १९३७ मध्ये कार्लाइलच्या स्पर्धेत तिने पियानो आणि गायन ही दोन्ही बक्षिसं पटकावली, आणि १९४६ मध्ये ब्रिटन या संगीतकाराच्या ‘द रेप ऑफ लुक्रीशिया’त नायिका म्हणून उभी राहिली. ऑस्ट्रेलियाची जोन सदरलँड टायपिस्ट होती, पण तिची आई घरी रोज रियाज करायची आणि पोर ऐकून नक्कल करायची. गेडा धरून या चौघांची (पॉट्स सोडून) उदाहरणं ताडून पाहा. कचेरी प्रत्येकाची वेगळी, पण कचेरीच्या आधी घरात किंवा चर्चमध्ये सूर होता.

आपल्याकडे वसंतराव देशपांडे यांनी पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षं नोकरी केली. ती सुटल्यावर १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ हे संगीत नाटक आलं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेने ते घराघरात पोचले. पण त्यांचं गाणं कचेरीत असतानाही थांबलं नव्हतं.

प्रश्न : मला ऑपेरा शिकायचा असेल तर महाराष्ट्रात सोय आहे का? आणि खरं सांगा, नोकरी सोडू का?

उत्तर : सोय थोडी आहे, पण आहे. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, तिथे ऑपेराचे प्रयोगही झाले आहेत. गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाउस दीर्घकाळ बंद राहून ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडलं, तेव्हा मुंबईत जन्मलेली आंतरराष्ट्रीय सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ गायली. तिने आणि तिच्या पियानोवादक पतीने भारतातल्या तरुण गायकांना शिकवण्याचा उपक्रमही चालवला आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना नोटेशन वाचायला शिकवत. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गोवेकर वादक इतके का होते, त्याचं कारण तेच. आजही पाश्चात्त्य सामूहिक गायन ऐकायचं आणि करायचं असेल तर गोवा आणि मुंबईतले गायकवृंद गाठा. तिथे वयाची आणि नोकरीची आडकाठी नसते.

आता नोकरी. तुमचं वय पत्रात नाही, त्यामुळे स्पर्धांच्या वयोमर्यादेबद्दल बोलत नाही. गेडाच्या आयुष्यातला क्रम पाहा. त्याने नोकरीत असताना गुरू शोधला. गुरूने आवाज ऐकून हो म्हटलं. नंतर बाहेरच्या परीक्षकांनी शिष्यवृत्ती देऊन त्यावर शिक्का मारला. रंगमंच त्याच्याही नंतर. पावारोत्तीचंही तसंच झालं. शिकवणी आणि विमा बरोबरीने चालले होते. राजीनामा ही यातली पहिली पायरी कुणाचीच नव्हती.

तेव्हा आधी तानपुरा खाली काढा आणि जाणत्या माणसाला गळा ऐकवा. घरच्यांचं कौतुक यात धरायचं नाही. नोकरी सांभाळून रोज पाऊण तास रियाज सहा महिने अखंड झाला, आणि त्या जाणत्याने पुढे जा म्हटलं, तर पुन्हा लिहा. नोकरी असताना पाऊण तास निघत नसेल, तर नोकरी सोडल्यावर चार तास निघतील या भरवशावर राहू नका.